गुरुजींचे वागणे हाच धडा



शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षे झालेल्या एखाद्या माणसाला विचारून पाहा, "काय रे, तुझ्या मास्तरांनी तुला काय शिकवलं?" सनावळ्या त्याला आठवायच्या नाहीत. त्रैराशिकाची रीतही तो विसरला असेल. पण "आमचे मास्तर कधी खोटं बोलले नाहीत" किंवा "आमच्या मास्तरांनी सावकाराच्या पोराला आणि मला कधी वेगळं मानलं नाही" असे काहीतरी तो चटकन सांगेल. धडा विसरतो, पण तो शिकवणारा माणूस मनात घर करून राहतो.

अशाच एका शिक्षकाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलणार आहे. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर. 'सुधारक'कर्ते म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण पोटापाण्याने आणि वृत्तीने ते आधी शिक्षक होते, हे आपण पुष्कळदा विसरतो.

कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचे गाव आहे. आज टेंभू म्हटले की शेतकऱ्यांना उपसा योजना आठवते. तिथले पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना नेले आहे. याच गावी १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. घरची गरिबी. शिक्षणासाठी या पोराने कऱ्हाडपासून रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे दिली. पुढे तो वऱ्हाडात अकोल्याला गेला. तिथे त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले. त्यांनी या मुलाचे पाणी ओळखले आणि पुण्याला जाऊन पुढे शिकण्यासाठी त्याला हात दिला. आगरकर घडले त्यामागे असा एक शिक्षक उभा आहे, हे ध्यानात ठेवा. दिव्याने दिवा लागतो तो असा.

पुण्यात डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा. असा मुलगा १८८० मध्ये एम. ए. होतो. त्या काळी एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीची दारे सताड उघडी असत. आईने किती आशा केली असेल! पण आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच कळवून टाकले, की मोठ्या पगाराची स्वप्ने पाहू नकोस; पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावीन. आणि १८८१ साली ते चिपळूणकर-टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तुटपुंज्या पगारावर मास्तर झाले.

आता आपण म्हणाल, यात मुलांवर कसला संस्कार झाला? अहो, मुले फळ्याकडे पाहतात त्याहून जास्त मास्तरांकडे पाहतात. 'स्वार्थ सोडा' असे फळ्यावर लिहिणारा माणूस स्वतः काय सोडून आला आहे, हे त्यांना न सांगता कळते. त्या लिहिण्याला वजन येते ते तिथून.

आगरकरांचे वजन असे होते. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात त्यांना आणि टिळकांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले आणि बाहेर येऊन पुन्हा ते कामाला लागले. पुढच्याच वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित' हे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यावर भलीमोठी, कडक टीका कोणी लिहावी? त्यांच्याच शाळेत शिकलेल्या हरी नारायण आपटे या कोवळ्या विद्यार्थ्याने! हेच पुढे मराठीतले थोर कादंबरीकार हरिभाऊ आपटे झाले.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या शाळेत मास्तरांचे पुस्तक तपासून पाहण्याची हिंमत विद्यार्थ्याला होते, त्या शाळेने त्याला पाठांतरापलीकडचे काहीतरी दिलेले असते. मनाला पटेल ते पुराव्यानिशी बोलावे, हे आगरकर लोकांना सांगत होते. मग विद्यार्थ्याने तेच केले तर तो गुरुद्रोह कसा? माझ्या मते ती खरी गुरुदक्षिणा. पुढे हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये विधवेचे दुःख मांडले. केशवपनासारख्या ज्या चालींवर आगरकर तुटून पडत होते, त्यांचीच व्यथा शिष्याच्या कादंबरीत बोलू लागली.

तत्त्वाने वागणे म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. टिळकांसारख्या जिवलग मित्राशी आगरकरांचे बिनसले. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुण्यातल्या लोकांनी तर जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली! दम्याने शरीर पोखरलेले होते. तरी १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

गुरुजनहो, आता थोडे आपल्याविषयी. मीही शिक्षकच आहे, म्हणून बोलतो. आपल्याला कोणी तुरुंगात टाकणार नाही, आपली प्रेतयात्राही कोणी काढणार नाही. आपली परीक्षा लहान लहान गोष्टींत होते. परीक्षेच्या दिवशी खिडकीतून चिठ्ठी आत येते, तेव्हा आपण कुठे पाहतो? शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून मास्तरच फळ्यावर उत्तर लिहू लागले, तर मुलाला गणिताचे पाच गुण मिळतील. पण खोटेपणा चालतो, हे तो जन्मभरासाठी शिकेल. गावच्या पुढाऱ्याचा मुलगा आणि ऊसतोड्याचा मुलगा, दोघांच्याही वहीवर आपली लाल शाई सारखीच चालते ना? एखाद्या पोराने "गुरुजी, हे बरोबर वाटत नाही" म्हटले, तर आपल्या कपाळाला आठी पडते की आपण पुस्तक उघडून त्याच्याबरोबर पाहतो?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. काही जण म्हणतात, छडी गेली आणि शिक्षकाचा धाकही गेला. मी म्हणतो, बरे झाले. छडीचा धाक मास्तरांची पाठ वळेपर्यंतच टिकतो. मास्तरांच्या वागण्याचा धाक मात्र ते समोर नसतानाही चालतो. "आमचे गुरुजी काय म्हणतील?" हा प्रश्न तिशीतल्या माणसाच्या मनात लाच घेताना उभा राहिला, तर त्या गुरुजींचे शिकवणे फळाला आले म्हणायचे.

आणि आईबापहो, आपलेही काम आहे. "मास्तर, एवढे गुण वाढवून द्या" म्हणून शाळेत जाऊ नका. नियमाने चालणारा मास्तर गावाला गैरसोयीचा वाटतो, मग त्याच्या बदलीसाठी खटपट सुरू होते. असा मास्तर गावात टिकला, तर त्यात आपल्याच लेकरांचे कल्याण आहे. त्याच्या पाठीशी उभे राहा. महाजनींनी एका गरीब मुलाला हात दिला, त्याचे फळ साऱ्या महाराष्ट्राला मिळाले. आपल्या शाळेच्या शेवटच्या रांगेत असाच कोणी बसलेला असेल. उद्या सकाळी वर्गात गेल्यावर आधी त्याच्याकडे पाहा, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.