नागरिकांचे शिकाऊ विमान : ‘मॉथ’
(छाणी, वडोदरा येथे मराठी श्रोत्यांसमोर केलेले भाषण)



हरणीचा विमानतळ येथून जवळच असल्याने विमानाचा आवाज आपणांस नवा नाही. परंतु विमान चालविण्याची विद्या सैनिकांपुरती न राहता नागरिकांच्या हाती कशी आली, याचा विचार आपण क्वचितच करतो. तिचे बरेचसे श्रेय एका लहानशा द्विपंखी विमानास द्यावे लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर खासगी व्यक्तीस परवडेल असे विमान बनविण्याची खटपट इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलँड करीत होते. त्यांचे एक विमान फार लहान ठरले, दुसरे फार खर्चाचे. अखेर फ्रँक हॅलफर्ड यांनी युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा निम्मा भाग घेऊन सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन सिद्ध केले आणि अडचण सुटली. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी ‘मॉथ’ प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, कापडी पंख, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका आणि दोन्हींपाशी चालविण्याची साधने. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे, बोलणे नळीतून. विद्यार्थ्याचा हात चुकला की शिक्षक तत्काळ सावरू शके. पंख मागे दुमडता येत, म्हणून ठेवावयास जागाही थोडी लागे. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाचे नाव त्यास शोभले. कीटकांचा अभ्यास हा डी हॅविलँड यांचा छंदच होता.

आपल्याकडे १९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. तेथे जुहूच्या मैदानावर शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. पुढे इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक ठेवले. टाटा ‘जिप्सी मॉथ’ घेऊन निघाले. वाटेत इजिप्तमध्ये त्यांचा प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगवाचून अडकलेला त्यांना आढळला. त्यांनी आपल्याजवळचे प्लग त्यास दिले, आणि पारितोषिक त्यानेच जिंकले! हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे विमान स्वस्त होते ते विलायतेच्या हिशेबाने; आपल्याकडील सामान्य कुटुंबास ते स्वप्नवतच. क्लबांचे महत्त्व यासाठीच, की विमान विकत न घेताही तेथे शिकता येई. १९३६ साली लाहोर येथे सरला ठकराल यांनी साडी नेसून ‘जिप्सी मॉथ’ एकटीने उडविले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले ते याच घराण्यातील, परंतु एकपंखी अशा ‘पुस मॉथ’मधून. वाटेत ते अहमदाबादेस उतरले, तेव्हा त्या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते.