देवीच्या टेकडीखालचे गाव



मठाच्या या वर्धापनप्रसंगी देवासविषयी चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. इंदुराहून सुमारे ३५ किलोमीटरांवरील हे गाव आज कारखान्यांचे मोठे शहर झाले आहे. मी सांगणार आहे ते संस्थानी काळातील लहानशा देवासविषयी.

१७२८ साली थोरल्या बाजीरावांच्या माळव्यावरील स्वारीबरोबर तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू इकडे आले. पुढे त्यांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने या एकाच गावी नांदू लागली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. आणि सरहद्द गावातूनच गेलेली! शेजारधर्म एक, परंतु राजा निराळा, असा तो संसार होता.

गावाच्या माथ्यावर मात्र टेकडी एकच. तिच्यावर तुळजाभवानी व चामुंडा विराजमान आहेत. लोक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात आणि बहिणी मानतात. राजांनी मुलूख वाटून घेतला. भाविकाने आपली भक्ती वाटली नाही. तो दोघींपुढे मस्तक नमवितो.

१९२१ साली इंग्रज लेखक फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस होते. येथील गोकुळाष्टमीचा सोहळा त्यांनी विस्ताराने वर्णिला आहे. १९५३ साली या आठवणींचे पुस्तक निघाले, तेव्हा त्यास त्यांनी नाव दिले ते देवीच्या टेकडीचे.

१९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने ग्रस्त होऊन हवापालटासाठी देवासास आले. गाणे बंद झाले होते. परंतु कान उघडे होते. माळवी स्त्रियांची गीते आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजने त्यांनी अंथरुणावरून ऐकली, हृदयात साठविली आणि बरे झाल्यावर सर्व देशास ऐकविली. १९९२ साली त्यांचे निधन झाले, तोवर या टेकडीच्या पायथ्याशीच त्यांचे घर होते. कानडी मुलखातून आलेला हा गायक मराठी पदे गाई, तशीच कबीराची वाणीही गाई. आणि देवासाने त्यास आपला मानिले.

बंधुभगिनींनो, आपले पूर्वजही असेच दूरदेशी येऊन स्थिरावले. आज आपल्या घरची मुले मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात, ही खंत मी अनेकांच्या मुखी ऐकतो. तिचा उपाय आपल्याच हाती आहे. दररोज सायंकाळी दिवा लावल्यावर मुलाकडून एक अभंग वाचवून घ्यावा. तो अडखळला तर रागावू नये. ओळ पुन्हा वाचवावी. आणि शेजाऱ्याच्या घरी भजन असेल, तर त्याच मुलास बोट धरून तेथेही न्यावे. कुंपण घातल्याने भाषा राखली जात नाही. ती घरात उच्चारल्याने राहते, आणि शेजाऱ्याचे ऐकल्याने समृद्ध होते.

हा स्मरणग्रंथ दोन भाषांत निघत आहे, यात मला देवासच्या टेकडीचीच शिकवण दिसते. थोरली असो वा धाकटी, दोघींपुढे दिवा आपणच लावावयाचा आहे.