लक्समीटर आणि लेट्यूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी बावीस वर्षं गुणवत्ता तपासणीत गेली. कामगाराच्या टेबलावर लक्समीटर ठेवायचा, आकडा वहीत लिहायचा. साध्या कामाला तीनशे, बारीक जोडणीला सातशे-आठशे. उजेडातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता.

निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा घरी आला. त्याने वसाहतीत गाळा भाड्याने घेऊन, आत रॅकवर दिव्यांखाली लेट्यूस, म्हणजे सॅलडची पानं, लावली होती. हॉटेलांना द्यायची होती. दिवे लाल-निळे, जांभळट दिसणारे. "काका, एवढे तपासून द्या," म्हणाला. मी मीटर ठेवला. १६०० लक्स! बाहेर भर दुपारी उन्हात लाखभर लक्स असतात. मी म्हटलं, "अरे, तुला कुणीतरी फसवलंय. बदल हे." पोराने माझा शब्द मानला, दिवे निम्म्या किमतीत काढून टाकले आणि पांढरे आणले. मीटरवर ५००० आले. दोघेही खूश.

तीन आठवड्यांत रोपं काडीसारखी लांबली आणि आडवी झाली.

झालं होतं असं, की लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेलं आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत प्रखर वाटतो. गडद लाल आणि निळा फिका वाटतो. मीटरही तसाच बेतलेला. झाडाचं तसं नाही. टेक्सासमधले शास्त्रज्ञ कीथ मॅक्री यांनी बावीस जातींच्या पिकांची पानं तपासून १९७२ मध्ये दाखवलं, की पान ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला सगळाच प्रकाश वापरतं, लाल तर उत्तम. (हिरवा प्रकाश पान परत फेकून देतं, हे आपण शाळेत शिकलो, तेही अर्धंच खरं. बराचसा हिरवाही ते वापरतं.) म्हणून झाडासाठी प्रकाशाचे कण मोजतात: एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल पडले. मी कापड तराजूत टाकत होतो.

एका संशोधक मित्राकडून कण मोजणारा क्वांटम मीटर आणला. जांभळट दिव्यांपैकी एक विकायचा राहिला होता, तो लावला. २१० मायक्रोमोल. नव्या पांढऱ्या दिव्याखाली ७०! लक्स तिप्पट, आणि झाडाच्या पोटात एक तृतीयांश.

शिवाय दिवसभराची बेरीजही बघायची असते. सोळा तास दिवे ठेवले तर २१० चे दिवसाला बारा मोल होतात, ७० चे चारच. लेट्यूसला साधारण बारा ते सतरा लागतात. खोक्यावरचे वॅट बघून यातलं काहीच कळत नाही. तो विजेचा खर्च झाला, पानावर पडलेला प्रकाश नव्हे.

पांढऱ्या दिव्यांत वाईट काही नाही, हेही सांगतो. पुरेसे लावले तर पीक छान येतं, आणि पानावरचा रोग दिसतो. जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं, डाग कळत नाही.

हे सांगायला गाळ्यावर गेलो तेव्हा पाय जड झाले होते. मुलाने ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, दिवे खाली घेतले तर?" आम्ही पानांच्या उंचीवर मीटर धरून प्रत्येक ट्रेचा मधला भाग आणि चारही कोपरे मोजले. कोपऱ्यांत जेमतेम निम्मं. दिवे खाली घेतले, रॅकच्या कडांना पांढरे पत्रे लावले, तेव्हा मधोमध १२० पर्यंत गेलं. बाकीच्यासाठी आणखी दिवे घ्यावेच लागले. त्यातले निम्मे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता.