अभंगाच्या वाटेने आलेली ख्रिस्तप्रीती

भोपाळ म्हटले की तलाव, बेगमांची राजवट आणि ताज-उल-मशिदीचे मिनार डोळ्यांपुढे उभे राहतात. या नगरीत ख्रिस्ती उपासनेचाही एक जुना धागा आहे, आणि तो बेगमांच्या पदरी उच्च पदांना पोहोचलेल्या बूर्बों घराण्याशी जोडलेला आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. फ्रान्सच्या राजकुळाशी नाते सांगणारे हे घराणे मुसलमानी दरबारात निष्ठेने वावरले आणि आपला धर्मही त्याने जपला. पुढे १९६३ साली भोपाळला स्वतंत्र आर्चडायोसीस स्थापन झाले, तेव्हा पहिले आर्चबिशप यूजीन डिसोझा हे नागपूरहून येथे आले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनाविषयक घटना जाहीर केली. तीत पवित्र संगीतावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या देशांना आपली स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्या परंपरेला उपासनेत योग्य स्थान मिळाले पाहिजे, असा त्यातील एका कलमाचा आशय आहे. लॅटिन स्तोत्रांची शतकानुशतकांची सवय जडलेल्या चर्चला हे पाऊल मोठेच होते.

तथापि मराठी ख्रिस्ती माणसाला हे कलम वाचून किंचित हसू आले असते, तर त्यात नवल नव्हते. टाळ, मृदंग आणि वीणा यांना त्याच्या देवळात शिरण्यासाठी परवान्याची वाट पाहावी लागली नव्हती. देवावर प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करावी, या दोन आज्ञांत येशूने सारे धर्मशास्त्र सामावले आहे. महाराष्ट्रात या दोन आज्ञा लोकांच्या कानी पोहोचल्या त्या व्याख्यानांपेक्षा गाण्यानेच अधिक, आणि ते गाणेही इथल्याच मातीतले होते.

याचा आरंभ थेट गोव्यात होतो. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास उतरला आणि मराठीच्या रूपावर इतका लुब्ध झाला, की त्याने ख्रिस्तचरित्र लिहिले ते पुराणाच्या रूपात आणि ओवी छंदात. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. परकीय धर्मोपदेशकाने मराठीची थोरवी गायिली याचे कौतुक आपल्या वाङ्मयेतिहासात पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याने छंद कोणता निवडला, हे अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. ओवी हा एकीकडे ज्ञानेश्वरांचा छंद, तर दुसरीकडे जात्यावर दळणाऱ्या बायांचा. नुकत्याच धर्मांतरित झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय मोडली होती, पण तहान मोडली नव्हती. स्टीफन्सला ती तहान उमगली. दुसऱ्याची तहान उमगणे ही शेजारप्रीतीची पहिली पायरीच म्हटली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-नगर भागात आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांना ही गोष्ट कळायला वेळ लागला. त्यांनी प्रथम आपली स्तोत्रे मराठीत उतरविली आणि ती मूळच्या पाश्चात्य सुरांवर बसविली. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरांवर आणि मात्रांवर चालते. त्यामुळे सुराचा जोर पडायचा तो नेमका ऱ्हस्व अक्षरावर, आणि दीर्घ अक्षर घाईघाईने गिळावे लागायचे. भाव कितीही उदात्त असला, तरी नगर जिल्ह्यातील खेड्यातल्या नवख्रिस्ती शेतमजुराच्या जिभेवर ते पद रुळणार कसे? तो बिचारा रविवारी ते म्हणे आणि सोमवारी मोटेवर आपले जुनेच गाणे गाई. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या देशी गायक-कवींनी ही अडचण ओळखली. त्यांनी देशी चालींवर पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, ही कीर्तनाची बांधणी जशीच्या तशी ठेवून आख्यानविषय मात्र बायबलातून घ्यायचा, अशी ही योजना होती. उधळ्या पुत्राची कथा किंवा वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या शोमरोन्याची कथा आख्यानाला किती सोयीची आहे, हे कोणत्याही हरिदासाला सांगावे लागणार नाही.

या प्रवाहाला खरा अभंगाचा रंग चढला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण कवी नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने चालला असता डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. आज छत्तीसगढात असलेले राजनांदगाव पुष्कळ वर्षे भोपाळप्रमाणेच मध्य प्रदेशात होते. तेव्हा या कथेचा आरंभ या भागाला अगदीच परका नाही. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत घराघरांत पोहोचली, कारण त्यांनी चालीबरोबर भावही इथलाच घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ज्या भाषेत वारकऱ्याने विठोबाला माउली म्हटले, त्याच भाषेत त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. ख्रिस्त न्यायाधीश आहे, राजा आहे, हे इंग्रजी स्तोत्रांतून मराठी माणसाने ऐकले होते; तो कडेवर घेणारी आई आहे, हे त्याला टिळकांच्या अभंगाने सांगितले. टिळकांची भक्तिपर कविता 'अभंगांजली' या नावाने प्रसिद्ध आहे. निकोल मॅक्‌निकोल या मिशनरी पंडिताने त्यांच्या एका पदाचे इंग्रजीत भाषांतर केले आणि ते पुढे इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत समाविष्ट झाले. म्हणजे जिथून सूर उसने आणले होते, तिथे अभंगाचा भाव परत गेला. उसनवारी अशी व्याजासह फेडण्याचे प्रसंग वाङ्मयात विरळच.

आता एक आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. कीर्तनाची वेषभूषा आणि चाल घेऊन परधर्माचा प्रसार करणे हे लोकांना भुलविण्याचे साधन होते, असे अनेक हिंदूंना वाटे. आणि हे अगदीच निराधार होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. कीर्तन हे श्रोत्यांना उद्देशून असते, आणि श्रोत्यांना वळविण्याचा हेतू त्यात दडलेला असू शकतो. अभंगाची जात निराळी. त्यात कवी देवाशीच बोलतो, भांडतो, रुसतो, शरण जातो. ऐकणारा कोणी असला तर तो दाराआडून ऐकत असतो. टिळकांचे श्रेष्ठत्व या दाराआडच्या गाण्यात आहे. म्हणूनच बाप्तिस्म्याची कधी इच्छाही न झालेल्या असंख्य मराठी माणसांना त्यांची कविता आपली वाटली. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेतल्या पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केली. तिच्यात कोणत्याही पंथाचे नाव नाही, पण शेजारप्रीतीची कक्षा मुक्या जिवापर्यंत पोहोचलेली आहे.

देवावरची प्रीती गाता येते. माणसांवरची प्रीती मात्र स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी आणि पाण्याच्या तांब्याशी सिद्ध करावी लागते. टिळकांच्या घरात तिची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या पदरी लहान मूल घेऊन माहेरच्यांच्या आश्रयाला राहिल्या. पंढरपुरासारख्या क्षेत्रीही त्यांना काही काळ काढावा लागला. देवाच्या हाकेला ओ देणारा पती आणि त्या हाकेमुळे संसार दुभंगलेली पत्नी, या दोघांत प्रीतीची कसोटी कोणाची अधिक लागली, याचा निवाडा देताना चरित्रकार सहसा कवीकडे झुकतात. तो झुकाव न्याय्य नाही. टिळक उदार होते, पण त्यांच्या हाती पैसा ठरत नसे, आणि त्यांच्या औदार्याची झळ आधी घरच्या चुलीला लागे. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येते खरे; त्या हसण्याखालचे उपासही वाचकाने ओळखले पाहिजेत.

लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे परतल्या त्या ब्राह्मणी सोवळे बरोबर घेऊनच. आपले पाणी, आपली चूल वेगळी. नगरमध्ये भोवताली बहुतेक मंडळी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली ख्रिस्ती. चर्चमध्ये एका सुरात पदे म्हणणाऱ्यांच्या हातचे पाणी मात्र चालत नव्हते. पुढे त्यांच्या मनाने आपणच विचार करून जातिभेद मनुष्यकृत ठरविला, आणि एकदा ठरविल्यावर तो एका झटक्यात टाकून दिला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण सोवळे त्याआधीच सुटले होते. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शेजाऱ्याच्या हातचे पाणी प्यायले गेले तेव्हाच त्या बंधुभावाच्या पदांना अर्थ आला. एरवी ती पदे म्हणजे केवळ चाल.

त्याच घरात पुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण येऊन राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्याला हेरले होते. बालकवी या नावाने महाराष्ट्र ज्याला ओळखतो तो हाच. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागविले, त्याचे लहरी रुसवेफुगवे सोसले, आणि त्या मायेच्या मोबदल्यात त्याच्या धर्मावर हक्क सांगितला नाही. ५ मे १९१८ रोजी आगगाडीखाली सापडून तो गेला.

देवप्रीती आणि जनप्रीती यांची सांगड घालणारे दुसरे घर केडगावचे. पुराणिक पित्याच्या मागे गावोगाव पुराण सांगत वाढलेल्या पंडिता रमाबाईंनीही ख्रिस्ती पदे रचली. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या थेट मध्य प्रांतापर्यंत गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो हिंदीभाषक मुली-विधवांना आपल्या आश्रयाला घेऊन आल्या, ही गोष्ट या भागात तरी विसरली जाऊ नये. त्या मुलींना प्रथम मिळाली ती भाकरी, भजन त्यानंतर.

टिळकांच्या मनातील प्रीती मिशनच्या चौकटीतही फार काळ मावली नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे अनुयायी म्हणून तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना. चर्चमधील पुष्कळांना ती पाखंडासारखी वाटली असल्यास नवल नाही; कारण कुंपण हाच धर्म मानणारे लोक सर्व धर्मांत सारखेच असतात. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचा अंत झाला आणि दरबाराचे स्वप्न अर्धे राहिले.

आणखी एक काम अर्धे राहिले होते. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी हाती घेतले होते. दहा-अकरा अध्यायांवर लेखणी थांबली. जिचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच, जिला अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. तोच छंद, जात्यावरच्या बायांचा आणि फादर स्टीफन्सचा. चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या, आणि ग्रंथ १९३८ साली छापून निघाला.