वाट कुणीतरी राखलेली असते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाऊस पडून गेला, ऊन पडलं, की आमच्यासारख्या सायकलवाल्यांना घरात चैन पडत नाही. सायकल म्हणजे दुधाच्या पिशव्या आणायला नेतो ती नव्हे. जाड, खाचांची टायरं, पुढच्या चाकाला धक्के सोसणारी स्प्रिंग आणि दगडाधोंड्यांतून चालणारी अशी ती सायकल. सगळे तिला माउंटन बाइक म्हणतात, आपणही तेच म्हणू. २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या शहरांत अशा सायकली पुष्कळ दिसू लागल्या. रस्त्यांवर वाहनांची गर्दी, म्हणून रविवारी सकाळी त्या टेकडीकडे वळतात. मीही त्यांच्यातलाच एक. पण आज मी त्या सायकलीचं कौतुक सांगायला आलेलो नाही. एक चूक कबूल करायला आलो आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता. रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडीप मिळाली होती. आम्ही पाच जण पुण्यातल्या एका टेकडीवर चढलो आणि पलीकडच्या पायवाटेनं उतरू लागलो. एका वळणावर पाणी साचलं होतं. बूट भिजू नयेत म्हणून आम्ही पाचही जण डबक्याला वळसा घालून कडेकडेनं गेलो. पुढच्या उतारावर मी मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक फिरायचं थांबलं आणि घसरत गेलं. चिखलाचा असा काही फवारा उडाला, की एका मित्रानं फोटोसाठी मला परत वर जाऊन तसंच उतरायला लावलं. मीही हौसेनं उतरलो. तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

दोन आठवड्यांनी मी एकटाच तिथं गेलो, तर साठी उलटलेले एक गृहस्थ घमेलं आणि कुदळ घेऊन वाटेवर बसलेले. जिथं माझं चाक घसरलं होतं, तिथं वीतभर खोल ओघळ पडला होता. डबक्याच्या कडेला रचलेली दगडांची ओळ उखडली होती. वाटेवरचं पाणी बाजूला काढणारा आडवा चर मातीनं बुजला होता. त्यामुळं सगळं पाणी वाटेवरूनच खाली धावत होतं आणि खालच्या अंगाला लावलेल्या दोन रोपांची मुळं उघडी पडली होती.

आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या सायकलकडे पाहिलं, टायरच्या खाचांकडे पाहिलं, मग मातीतल्या ठशाकडे. आणि म्हणाले, "घाईत आहात का?"

"नाही, काका."

"मग तो दगड जरा त्या बाजूनं धरा."

त्या दिवशी मी दोन तास दगड धरत होतो. पुढच्या रविवारी माझे तीन मित्रही आले. जेमतेम वीस फूट वाट. ती पूर्ववत करायला आम्हां चौघांना आणि काकांना दोन रविवार लागले. बिघडवायला किती लागलं होतं? अर्धं मिनिट. त्यात फोटोसाठीची दुसरी फेरीही आली!

तोपर्यंत माझी अशी समजूत होती, की पायवाट म्हणजे काय, माणसं चालतात म्हणून ती पडते. रस्ता बांधावा लागतो, वाट आपली आपण होते. काकांनी ही समजूत एका पाण्याच्या बाटलीनं दूर केली. त्यांनी बाटलीतलं पाणी वाटेवर ओतलं आणि म्हणाले, "बघा, कुठं जातंय." पाणी हातभर वाटेवरून आलं आणि हळूच बाहेरच्या कडेनं गवतात उतरलं. वाट सपाट दिसत होती, पण तिला बाहेरच्या बाजूला अगदी थोडा कल दिलेला होता. दहा-पंधरा पावलांवर वाट किंचित खाली जाऊन पुन्हा वर चढत होती. चालताना ते कळतही नाही. पण त्या खोलगट जागी पाणी वाट सोडतं. हे सगळं कुणीतरी विचार करून, हातात कुदळ घेऊन केलेलं होतं.

आपल्या महाराष्ट्राला हे शास्त्र नवं नाही. पाणलोटाचं काम केलेल्या कुठल्याही गावात विचारा. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबायला लावायचं आणि थांबलेल्याला जिरवायचं, हे तिथलं शाळकरी पोरही सांगेल. डोंगरावरच्या वाटेचं गणित तेच. वाटेचा खरा शत्रू पाऊल नव्हे, चाकही नव्हे, तर वाटेवरून धावणारं पाणी. पाऊल आणि चाक त्या पाण्याला रस्ता करून देतात. ओल्या मातीत चाकानं उमटवलेल्या खोल रेघेला आपण चाकोरी म्हणतो. चाकोरीत पाणी शिरलं की तिचा ओघळ होतो आणि दोन पावसाळ्यांत ओघळाची घळ होते. मग चालणारे ती घळ टाळून शेजारून चालू लागतात. दोन हातांची वाट दहा हातांची होते आणि तेवढं गवत, तेवढी रोपं जातात.

आता जरा दूर जाऊ या, ही सायकल जिथं जन्मली तिथं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मरीन काउंटी नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका मातीच्या उतारावर पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत जवळजवळ चारशे मीटरचा उतार! पॅडल उलटं फिरवून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं. खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यांतली गाजलेली नावं. पुढं वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंगचा समावेश झाला.

पण मधल्या काळात काय घडलं, हे ऐकण्यासारखं आहे. सायकली वाढल्या, तशा तक्रारी वाढल्या. पायी फिरणारे म्हणाले, हे लोक वळणावरून अंगावर येतात. घोडेस्वार म्हणाले, घोडी बिथरतात. १९८४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वनविभागानं, कायद्यानं राखलेल्या 'विल्डरनेस' म्हणजे रानभागांत सायकलींना स्पष्ट मनाई केली. जिथं हा खेळ जन्मला त्या मरीनमधल्याही कितीतरी अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही सायकल क्लबांनी मिळून एक संघटना काढली. 'इम्बा' या नावानं ती ओळखली जाते. या संघटनेनं नुसते अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. तिनं सायकलवाल्यांना वागण्याचे नियम घालून दिले आणि त्यांच्या हाती कुदळ-फावडी दिली. २००४ मध्ये तिनं वाटा बांधण्याचं एक पुस्तक काढलं. त्यात एक सोपा हिशोब आहे. वाटेचा चढ हा डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे डोंगराचा उतार वीस टक्के असेल, तर वाट दहा टक्क्यांच्या आत हवी. नाहीतर पाणी वाट सोडतच नाही. हा आकडा वाचला तेव्हा मला काकांची बाटली आठवली. पुस्तक न वाचता त्यांनी तोच हिशोब केला होता.

कॅनडात व्हँकूवरजवळ नॉर्थ शोअर म्हणून डोंगर आहेत. तिथं पाऊस अतोनात, जमीन ओली, झाडांची मुळं वर आलेली. ओल्या जागेवरून चाक जाऊ नये म्हणून तिथल्या वाटा करणाऱ्यांनी लाकडाच्या फळ्या ठोकून शिडीसारखे पूल बांधले. १९९७ मध्ये तिथल्या सायकलवाल्यांनी आपली संस्था काढली. सायकल चालवणारेच ठरलेल्या दिवशी डोंगरावर जाऊन चर साफ करतात, दगड बसवतात. तिथला सरळ व्यवहार असा, की वाट वापरता ना, मग वाटेसाठी घामही गाळा.

श्रोतेहो, शिष्टाचार म्हटलं की आपल्याला वाटतं, 'कृपया' आणि 'धन्यवाद' म्हणण्याची गोष्ट. वाटेवरचा शिष्टाचार तसा नाही. तो दुसऱ्याच्या श्रमाचा हिशोब ठेवण्याची गोष्ट आहे. काकांकडून आणि नंतर स्वतःच्या अनुभवातून मी जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, ओली वाट. चाकाचा खोल ठसा उमटतो आहे असं दिसलं, की उतरावं आणि परत फिरावं. टेकडी कुठं पळून जात नाही. मुरमाड वाट एक-दोन दिवसांच्या उन्हात पुन्हा घट्ट होते. मधेच डबकं लागलंच, तर वळसा घालू नये, सरळ मधून जावं. बूट धुता येतात, वाटेची कड धुऊन परत येत नाही.

दुसरी, ब्रेक. चाक घसरवणं म्हणजे कौशल्य नव्हे. उताराच्या आधी वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. चाक फिरत राहिलं पाहिजे. ते थांबून घसरलं, की टायर नांगराचं काम करतं.

तिसरी, आडवाट. वळणं तोडून सरळ खाली उतरू नये. ती वळणं कुणाच्या गमतीसाठी नसतात, पाणी अडवण्यासाठी असतात. शिवाय गवताच्या मोकळ्या जागी टिटवी जमिनीवरच अंडी घालते. घरटं असं नसतंच, चार खडे आणि त्यांत खड्यांसारखीच अंडी. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर समजावं की आपण तिच्या घरात शिरलो आहोत. सापडलेली नवी वाट मोबाइलवरून जगाला कळवण्याआधीही दोनदा विचार करावा. ती वाट तेवढी चाकं सोसेल का?

चौथी, माणसं. पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्यानं वाट द्यावी, कारण चढणारा थांबला तर त्याला पुन्हा निघणं जड जातं. मागून जाताना लांबूनच घंटी वाजवावी, आणि तोंडानं सांगावं, "काकू, मागून सायकल येतेय." कानात गाणी नकोत. आणि समोरून डोक्यावर गवताचा भारा किंवा मोळी घेऊन बाई येत असेल, तर सायकलवरून उतरून, वाट सोडून उभं राहावं. तिला मान वळवता येत नाही. आपण तिथं मजेसाठी आलेलो असतो, ती पोटासाठी. गुरं, शेळ्या असतील तर गुराख्याला विचारून, त्याच्या मर्जीनं जावं.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्षातले निदान दोन दिवस वाटेला द्यावेत. एक पावसाळ्याआधी, चर मोकळे करायला आणि एक पावसाळ्यानंतर, काय वाहून गेलं ते बघायला. पण आपल्या मनानं खणायला जाऊ नये. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी लागते आणि तिथं आधीपासून काम करणाऱ्यांना विचारावं लागतं. वाटेतला एखादा दगड नडतो म्हणून तुम्ही बाजूला टाकाल, आणि नेमका तोच कुणीतरी माती धरायला बसवलेला असेल.

कुणी म्हणेल, एवढी बंधनं पाळायची तर मजा काय राहिली? मलाही आधी तसंच वाटायचं. पण आता त्या वीस फुटांवरून सायकल जाते तेव्हा तिथला एकेक दगड मला ओळखू येतो. वेग थोडा कमी होतो, मजा कमी होत नाही.

काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. टेकडी चढणं त्यांनी सोडलं आहे. त्यांच्या बरोबरीचे आणखी दोघे होते, तेही थकले. दर रविवारी पाण्याचे कॅन वर वाहून नेऊन उन्हाळ्यात रोपं जगवणारी ती पिढी. तिच्या जागी कोण येणार, हा प्रश्न आमच्या टेकडीपुरता नाही. ज्या ज्या टेकडीवर सकाळी माणसं फिरायला जातात, तिथं तिथं तो आहे.

पहिला मोठा पाऊस झाला की काकांचा फोन येतो. "काय हो, वळणावरचा चर बघितला का?" मी जर "नाही" म्हटलं, तर ते काही बोलत नाहीत. नुसतं "बरं" म्हणतात. ते "बरं" मला फार लागतं. म्हणून मी आता फोन यायच्या आधीच जाऊन येतो. सायकल घरी ठेवून, कुदळ घेऊन.

तुमच्याही गावाजवळ अशी एखादी वाट असेल. या रविवारी जाल तेव्हा सोबत पाण्याची बाटली असेलच. त्यातलं थोडं पाणी वाटेवर ओता आणि ते कुठं जातं ते बघा. ते वाट सोडून गवतात उतरलं, तर ओळखा की तुमच्या आधी इथं कुणीतरी राबून गेलं आहे. आणि वाटेवरूनच खाली धावत सुटलं, तर तिथं कुणीतरी राबण्याची गरज आहे.