बझर कधी दाबायचा?

आज लोणी काळभोरहून बोलतोय. मागे सोलापूर हायवेचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

२००३ मध्ये बीबीसी वर्ल्डवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती सुरू झाली. क्विझमास्टर सिद्धार्थ बसू. पहिला सीझन जिंकला अंधेरीच्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने. फायनलला धनबादची इंडियन स्कूल ऑफ माइन्स होती. पुढे आंतरराष्ट्रीय सामन्यात समोर थेट केंब्रिजचं गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. त्यांनाही हरवलं! आपल्या अंधेरीच्या पोरांनी, बरं का.

या खेळात स्टार्टर प्रश्न १० गुणांचा. तो एकट्यानेच सोडवायचा, शेजारच्याशी कुजबुज नाही. बरोबर आला की ५-५ गुणांचे तीन बोनस, ते चौघांनी मिळून. पण प्रश्न अर्धवट असताना बझर दाबून चुकलात, तर ५ गुण वजा, आणि अख्खा प्रश्न समोरच्यांना.

गेल्या वर्षी एका नॉकआउटला मी नेमकं हेच केलं. नियम तेच, फक्त टीमला बझर एकच. “पानिपतच्या तिसऱ्या लढाईत...” एवढं ऐकलं आणि १७६१ ठोकून दिलं. प्रश्न होता, मराठ्यांचा तोफखाना कोणाकडे होता? इब्राहिमखान गारदी. शेजारच्या मैत्रिणीला ते येत होतं. आम्ही ५ गुणांनी हरलो. लोणी येईपर्यंत ती बसमध्ये एक शब्द बोलली नाही.

परवा तिचाच मेसेज आला, “टीम करायची का?” मी हो म्हटलंय. बझर तिच्याकडे.