पापणीची जखम



रूपासाठी पापणीवर शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे नुसता शौक, असे म्हणून पुष्कळ लोक हसतात. त्या हसण्याच्या धाकाने माणूस ही शस्त्रक्रिया चोरून करतो आणि पुढचे दुखणेही चोरून सोसतो. माझे आजचे सांगणे त्या चोरीविरुद्ध आहे.

ही विद्या नवी नव्हे. १८१८ साली कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे या जर्मन शल्यवैद्याने तिला ‘ब्लेफरोप्लास्टी’ हे नाव दिले. तेव्हा हेतू होता रोगाने गेलेली पापणी पुन्हा घडवण्याचा. आज सैल पडलेली कातडी काढण्यासाठीही ती होते.

पापणीची कातडी साऱ्या अंगात पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची. रक्तपुरवठा मात्र विपुल. म्हणून जखम लवकर भरते, टाके बहुधा ५ ते ७ दिवसांत निघतात. आणि म्हणूनच रक्तस्रावही सहज होतो.

खरी काळजी शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू होते. मधुमेह, रक्तदाब, डोळ्यांचा कोरडेपणा, तंबाखूचे व्यसन, ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे, सारे डॉक्टरांना सांगावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयरोग्याच्या ते जिवावर बेतेल. विडी-सिगारेटने बारीक रक्तवाहिन्या आकसतात व जखम रेंगाळते. ‘अजून थोडी कातडी काढा’ असा हट्टही धरू नये. फाजील काढली तर डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते.

नंतरचे पहिले दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, डोके उंचावर ठेवून निजावे. वाकणे, ओझे उचलणे टाळावे. डोळा चोळू नये. डॉक्टर सांगेपर्यंत काजळाला हात लावू नये.

थोडी सूज, थोडा काळेनिळेपणा यायचाच. लाली वाढत गेली, पू आला, तर दाखवावे. पण डोळ्यात असह्य ठणका लागला, डोळा पुढे आला किंवा दिसणे अंधूक झाले, तर खोबणीत रक्त साचून दृष्टीच्या नसेवर दाब येत असण्याचा संभव असतो. हे क्वचितच घडते. पण घडले तर मध्यरात्रीही निघावे, सकाळची वाट पाहू नये.

श्रोतेहो, हसणारे शेजारी चार दिवसांनी विसरतात. गेलेली नजर मात्र सहसा परत येत नाही. म्हणून दुखणे लपवू नका. आणि आपण हसणाऱ्यांपैकी असाल, तर कृपा करून हसू नका.